पाहणारे मूल, पाहिले जाणारे मूल : वयात येण्याचा चित्रपट आणि नवखा नट

१

वयात येणाऱ्या मुलामुलींवरील चित्रपटाचे परीक्षण लिहिताना एक शब्द हमखास वापरला जातो. तो शब्द म्हणजे 'सहज'. मुलाने सहज अभिनय केला आहे. तो अभिनय करतो आहे असे वाटतच नाही. दिग्दर्शकाने त्याच्याकडून सहजसुंदर काम करवून घेतले आहे. ही तीन वाक्ये बहुधा एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी येतात, आणि ती परस्परांना छेद देतात हे लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पहिले वाक्य कर्तृत्वाचे श्रेय मुलाला देते. दुसरे कर्तृत्वच नाकारते, कारण जे 'वाटतच नाही' ते केले कोणी, हा प्रश्न त्याला पडत नाही. तिसरे वाक्य श्रेय उचलून दिग्दर्शकाच्या पदरात टाकते. 'सहज' हा शब्द अशा रीतीने एका गुंतागुंतीच्या व्यवहारावर झाकण घालतो. ज्याने यापूर्वी कधी कॅमेरा पाहिलेला नाही असे मूल आणि त्या मुलाविषयी त्याच्यापेक्षा अधिक जाणणारा, वयाने व अधिकाराने मोठा असलेला माणूस, या दोघांमधील तो व्यवहार होय.

हे झाकण काढण्याची निकड दोन कारणांनी आहे. एक कारण सौंदर्यशास्त्रीय आहे. नवख्या मुलाचे काम हे 'अभिनय' या संज्ञेखाली येते की नाही, आणि येत असेल तर त्याची घडण कशी असते, याचा विचार झाल्याखेरीज अशा चित्रपटांचे मूल्यमापन चेहऱ्याच्या गोडव्यापाशी थांबते. दुसरे कारण नैतिक आहे. नट जेव्हा ज्या जातीतून, ज्या वस्तीतून आलेला असतो त्याच जातीच्या, त्याच वस्तीच्या मुलाची भूमिका करतो, तेव्हा 'सहज' या कौतुकाचा अर्थ 'तो मुळातच तसा आहे' इतकाच उरण्याची शक्यता असते. हे कौतुक आणि ज्या समजुतीविरुद्ध चित्रपटातील मूल झगडते ती समजूत, यांत मग फारसे अंतर राहत नाही. प्रस्तुत विवेचनाच्या अखेरीस 'फँड्री'चा विचार करावयाचा आहे तो याच कारणासाठी. तत्पूर्वी या चित्रपटप्रकाराची मूलभूत अडचण स्पष्ट करणे आवश्यक आहे.

२

वयात येण्याची कहाणी हा मूलतः कादंबरीचा प्रांत. युरोपीय परंपरेत तिचे रूप 'बिल्डुंग्सरोमान' या संज्ञेने ओळखले जाते. मराठीत भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) आणि मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) या तिच्या दोन भिन्न प्रकृतीच्या शाखा मानता येतील. या कादंबऱ्यांचे निवेदनतंत्र लक्षात घेतले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. अनुभव घेणारा 'मी' आणि तो अनुभव सांगणारा 'मी' यांच्यामध्ये अंतर असते. पंचविशीतला पांडुरंग सांगवीकर मागे वळून बोलतो; आणीबाणीच्या काळातला, नववीतला मुकुंद घटनांच्या अगदी जवळून बोलतो, पण त्याच्या बोलण्यातला तिरकस विनोद त्याच्या कळत्या वयाच्या थोडा पुढे चालतो. न कळणारे मूल आणि कळून चुकलेला माणूस यांच्यातील ही फट हेच या कादंबरीप्रकाराचे खरे आशयद्रव्य असते. 'तेव्हा मला हे कळले नव्हते' हे वाक्य उच्चारलेले असो वा नसो, ते प्रत्येक पानाखाली वाहत असते.

महत्त्वाचे हे, की कादंबरीत ही फट एकाच व्यक्तीच्या आत असते. ज्याला कळले नव्हते तोच आता सांगतो आहे; आपल्या अज्ञानाचा साक्षीदार तो स्वतः आहे. चित्रपटात मात्र ही फट दोन व्यक्तींमध्ये विभागली जाते. न कळणारे मूल कॅमेऱ्यासमोर असते आणि कळून चुकलेला माणूस कॅमेऱ्यामागे. निवेदकाचा आवाज वापरून ही विभागणी झाकता येते, पण पुसता येत नाही. कारण पडद्यावर जे शरीर दिसते ते आठवणीतले नसून प्रत्यक्ष असते, आणि ते दुसऱ्या कोणाचे तरी असते. 'शाळा'वर सुजय डहाके यांनी केलेला चित्रपट २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात मुकुंदाला अंशुमान जोशीचा चेहरा मिळाला, आणि वाचकाच्या मनातील एका आवाजाच्या जागी एका विशिष्ट मुलाची विशिष्ट नजर आली. कादंबरीच्या वाचकाला मुकुंदाच्या डोळ्यांनी पाहता येते. चित्रपटाच्या प्रेक्षकाला प्रथम मुकुंदाकडे पाहावे लागते.

कादंबरीत जो जाणिवेचा प्रश्न असतो तो चित्रपटात अशा रीतीने सत्तेचाही प्रश्न होतो. कोण कोणाला पाहतो आहे, पाहिले जाणाऱ्याला ते ठाऊक आहे काय, आणि त्याला उलट पाहता येते काय, हे प्रश्न या चित्रपटप्रकाराला बाहेरून चिकटवलेले नाहीत. ते त्याच्या घडणीतच आहेत. नवखा नट निवडल्याने ते अधिक उघडे पडतात. कसलेल्या नटाला पाहिले जाण्याची सवय असते; पाहिले जाणे हाच त्याचा व्यवसाय असतो. नवख्या मुलाला मात्र आपण पाहिले जात आहोत हे पहिल्यांदाच कळत असते. वयात येण्याचा गाभाही हाच नव्हे काय? बालपण संपते म्हणजे, जगाकडे पाहणाऱ्या मुलाला एके दिवशी कळते की जगही आपल्याकडे पाहत आहे, आणि जगाने आपल्याविषयी काही ठरवून टाकले आहे.

३

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) अपूचे वाढलेल्या वयातील पहिले दर्शन घडते ते एका डोळ्याच्या रूपाने. दुर्गा त्याला उठवते, पांघरुणाच्या फटीतून त्याचा डोळा उघडतो, आणि पडदा त्या उघड्या डोळ्याने व्यापला जातो. अपूची भूमिका करणाऱ्या सुबीर बॅनर्जीला अभिनयाचा काहीही अनुभव नव्हता. वृत्तपत्रातील जाहिरातीला आलेली मुले पसंत पडली नाहीत. शेवटी राय यांच्या पत्नी विजया यांना हा मुलगा शेजारीच दिसला.

चित्रीकरणाला प्रारंभ झाला २७ ऑक्टोबर १९५२ रोजी, फुललेल्या काशाच्या रानात. प्रसंग साधा होता : अपूने दुर्गेला शोधत गवतातून चालत जायचे. नवख्या मुलाला 'चाल' म्हटले की तो सरळ, ताठ, कवायत केल्यासारखा चालतो. शोधणाऱ्याची चाल अडखळती असते. ती थांबते, मान वळवते, पुन्हा निघते. राय यांनी मुलाला शोधण्याचा अभिनय शिकवला नाही. त्यांनी वाटेत ठिकठिकाणी काटक्या टाकून ठेवल्या, म्हणजे त्या ओलांडताना पाऊल जपून पडावे. आणि गवताआड माणसे बसवली, त्यांनी ठरलेल्या क्षणी वेगवेगळ्या दिशांनी त्याला हाक मारायची. हाक आली की मुलगा थांबून तिकडे पाही. पडद्यावर जे शोधणे दिसते ते अशा लहान लहान खऱ्या क्रियांची जुळणी आहे.

या पद्धतीचे मर्म नीट समजून घेतले पाहिजे. मुलाला भावना दाखवायला सांगितलेले नाही. त्याला एक काम दिले आहे, आणि ते काम त्याला खरोखरच करता येण्याजोगे आहे. ते काम म्हणजे पाहणे. नवख्या नटाला देता येईल असे हे सर्वांत योग्य काम होय, कारण ज्याला पाहायला काही आहे तो स्वतःला विसरतो. आणि स्वतःला विसरलेल्या मुलावर कॅमेऱ्याचे दडपण राहत नाही. हात कुठे ठेवावेत हा नवख्यापुढचा नेहमीचा पेच नजरेला विषय मिळाला की आपोआप सुटतो. अपू रेल्वे पाहतो, यात्रेतली मंडळी पाहतो, आत्याबाईंना पाहतो, मरण पाहतो. त्याच्या वाट्याला फारसे संवाद नाहीत. चित्रपटाची घडणच अशी आहे की तिला 'करणाऱ्या' मुलापेक्षा 'पाहणाऱ्या' मुलाची गरज आहे. नटाची मर्यादा आणि आशयाची गरज येथे एकमेकींना भेटतात. ज्याला 'सहजता' म्हटले जाते ती बहुतांशी या भेटीतून निर्माण झालेली असते, आणि तीमागे योजना असते.

दुसरी एक गोष्ट कोणत्याही योजनेच्या हाती नसते. ती म्हणजे शरीराचा काळ. पैशाअभावी 'पथेर पांचाली'चे काम जवळजवळ तीन वर्षे रेंगाळले. एवढ्या अवधीत अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा थोराड झाली नाही आणि आत्याची भूमिका करणाऱ्या वृद्ध चुनीबाला देवी टिकून राहिल्या, याचा उल्लेख राय पुढे चमत्कार म्हणून करीत. मोठ्या नटाचे वय रंगभूषेने पुढेमागे सरकवता येते. वयात येणाऱ्या मुलाचे येत नाही. रिचर्ड लिंकलेटर यांनी 'बॉयहूड'मध्ये (२०१४) हीच अडचण रचनातत्त्व म्हणून स्वीकारली : २००२ पासून सुमारे बारा वर्षे, दरवर्षी थोडे थोडे चित्रीकरण करून एलर कोल्ट्रेनला त्यांनी कॅमेऱ्यासमोर मोठे होऊ दिले. तेथे पात्राचे वाढणे आणि नटाचे वाढणे वेगळे करताच येत नाही. पण थोड्या प्रमाणात ही गोष्ट या प्रकारातील प्रत्येक चित्रपटाला लागू आहे. अशा चित्रपटात कथा कल्पित असली, तरी त्या मुलाच्या आयुष्यातील एक न परतणारा ऋतू खराच खर्ची पडलेला असतो.

४

परंतु काटक्या आणि हाका यांनी सर्वच साधत नाही. मुलाला रडायचे असते, घाबरायचे असते, आतून मोडायचे असते. येथे दिग्दर्शकाची कसोटी लागते, आणि या चित्रपटप्रकाराच्या इतिहासातील काही गाजलेले प्रसंग याच ठिकाणी अस्वस्थ करतात.

व्हित्तोरिओ डी सिका यांच्या 'बायसिकल थीव्हज'मधील (१९४८) ब्रूनोची भूमिका करणारा एन्झो स्तायोला हा रोममधील एक सामान्य मुलगा. मुलगा निवडताना डी सिका यांनी चेहऱ्यापेक्षा चालीला महत्त्व दिले. बापाच्या लांब टांगांशेजारी ती दुडकी चाल कशी दिसेल हे पाहिले, याकडे आंद्रे बाझँ यांनी लक्ष वेधले आहे. इथवर ही निवड राय यांच्या काटक्यांच्याच जातीची आहे. रडण्याच्या प्रसंगाविषयी मात्र वेगळी हकीकत सांगितली जाते : मुलाच्या खिशात गुपचूप सिगारेटची थोटके टाकून, ती गोळा करतो म्हणून त्याला सर्वांदेखत हिणवले गेले, आणि अपमानाने आलेले खरे अश्रू कॅमेऱ्याने टिपले. केन लोच यांच्या 'केस'मध्ये (१९६९) बार्न्सलीच्या डेव्हिड ब्रॅडली या शाळकरी मुलाने बिली कॅस्परची भूमिका केली. चित्रीकरण कथाक्रमाने झाले, म्हणजे मुलाला कथेचे ओझे पुढून वाहावे लागू नये. स्थानिक बोली तशीच राखली गेली. या गोष्टी आदर्श म्हणाव्यात अशाच आहेत. पण त्याच चित्रपटात मुख्याध्यापकाच्या खोलीतील प्रसंगात मुलांच्या हातावर खरोखरच छड्या मारल्या गेल्या. आणि बिलीला आपला ससाणा मेलेला सापडतो त्या प्रसंगी, मुलाने ज्याला हातावर खेळवले तोच पक्षी मारला गेला आहे असा त्याचा समज होऊ दिला गेला.

या प्रसंगांतील परिणाम पडद्यावर निर्विवाद आहे. प्रश्न असा, की त्याला अभिनय म्हणावे काय? भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले. त्यांतील सात्त्विक अभिनय, म्हणजे अश्रू, स्वेद, रोमांच आदींचा आविष्कार, सर्वांत कठीण समजला गेला. कारण सत्त्व हे मनाच्या समाहित अवस्थेतून निर्माण होते असे नाट्यशास्त्र सांगते. दुःख नसताना दुःखाचे अश्रू आणावयाचे, तर मन पूर्ण एकाग्र असावे लागते. अठराव्या शतकात दिदरो यांनी नटाच्या विरोधाभासाविषयी लिहिताना निराळ्या मार्गाने हेच सुचवले : जो स्वतः भावनेने वाहून जातो तो नट नव्हे, भावनेची चिन्हे जो हुकमीपणे घडवतो तो नट. या दोन्ही दृष्टींनी पाहता स्तायोलाचे किंवा ब्रॅडलीचे त्या विशिष्ट क्षणांतील अश्रू अभिनयाच्या कक्षेबाहेर पडतात. ते घडवलेले नाहीत, घडवून आणलेले आहेत. त्या क्षणी मुलगा नट उरलेला नसतो. तो केवळ पाहिला जात असतो, आणि काय पाहिले जात आहे हे त्यालाच ठाऊक नसते.

यावर एक आक्षेप घेता येईल. कलाकृतीचे मूल्य पडद्यावर ठरते. चित्रीकरणस्थळी काय घडले ही चरित्रपर माहिती आहे, तिचा संहितेशी संबंध नाही. कादंबरीच्या बाबतीत हा युक्तिवाद बव्हंशी मान्य करता येतो. चित्रपटाच्या बाबतीत, आणि विशेषतः या प्रकारात, तो टिकत नाही. कारण येथे संहिता म्हणजे त्या शरीराची नोंदच असते. शिवाय 'केस'चा विषयच असा आहे की शाळा, भाऊ, मास्तर, सगळे मोठे लोक बिलीला न विचारता त्याचे आयुष्य हाकतात. या दडपणाविरुद्ध उभा असलेला चित्रपट एका निर्णायक क्षणी मुलाला न सांगता त्याच्या दुःखावर काम करतो, तेव्हा रीत आणि आशय यांच्यात तडा जातो. 'केस' हा थोर चित्रपट आहे यात शंका नाही. पण त्याच्या थोरवीच्या आत हा तडा आहे हे समीक्षेने नोंदवावयास हवे.

५

फसवणुकीखेरीज दुसरा मार्ग आहे काय? फ्रांस्वा त्रुफो यांच्या 'द फोर हंड्रेड ब्लोज'मध्ये (१९५९) त्याचे एक उत्तर मिळते. आंत्वान द्वानेलची भूमिका करणारा ज्याँ-पिएर लिओ तेव्हा चौदा वर्षांचा होता. तो सर्वस्वी नवखा नव्हता. आई अभिनेत्री होती आणि एका चित्रपटात त्याने लहानसे काम केले होते. पण एवढ्या लांबीच्या भूमिकेच्या दृष्टीने तो नवखाच. त्रुफो यांनी मनात योजलेला आंत्वान त्यांच्या स्वतःच्या बालपणासारखा, काहीसा बुजरा होता. लिओ तसा नव्हता. तो धीट, बोलका, उर्मट वाटावा इतका मोकळा होता. दिग्दर्शकापुढे दोन पर्याय होते : मुलाला पात्राच्या मापाने कापणे, किंवा पात्राला मुलाच्या मापाने वाढवणे. त्यांनी दुसरा स्वीकारला.

सुधारगृहातील मानसशास्त्रज्ञ आंत्वानला प्रश्न विचारते तो प्रसंग या निर्णयाचे फळ आहे. विचारणारी बाई पडद्यावर दिसतच नाही. चित्रीकरणाच्या वेळी प्रश्न त्रुफो यांनी स्वतः विचारले. विषयांची कल्पना मुलाला होती, उत्तरे मात्र लिहून दिलेली नव्हती. पुढे त्रुफो यांच्या आवाजाच्या जागी स्त्रीचा आवाज घालण्यात आला. लिओ टेबलावर हात फिरवतो, हसू दाबतो, खांदे उडवतो, आईविषयी बोलताना एकाएकी सपाट होतो. त्याची उत्तरे आंत्वानची आहेत की लिओची, हे वेगळे करता येत नाही. पण येथे मुलाला एक गोष्ट पूर्णपणे ठाऊक आहे, ती म्हणजे आपल्याला पाहिले जात आहे आणि आपल्याला उत्तर द्यायचे आहे. फसवणुकीच्या अश्रूंपेक्षा हे गुणात्मकदृष्ट्या वेगळे आहे. येथील 'खरेपणा' मुलाच्या नकळत काढून घेतलेला नाही. त्याने तो दिलेला आहे.

म्हणूनच या चित्रपटाचा शेवट सार्थ ठरतो. आंत्वान पळत पळत समुद्रापर्यंत येतो, वळतो, कॅमेऱ्याकडे पाहतो, आणि चित्र गोठते. सबंध चित्रपटभर इतरांच्या नजरांनी मोजले गेलेले मूल अखेरीस मोजणाऱ्याकडे पाहते. अपूचा डोळा जगाकडे उघडला होता. आंत्वानची नजर प्रेक्षकावर येऊन थांबते. पुढे १९७९ पर्यंत त्रुफो आणि लिओ यांनी आंत्वानला आणखी एका लघुपटातून आणि तीन चित्रपटांतून मोठे केले. पात्र, नट आणि दिग्दर्शक यांची ही वीस वर्षांची सोबत त्या प्रश्नोत्तरांच्या प्रसंगातच रुजलेली होती.

६

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ला (२०१३) हे दोन्ही वारसे लागू पडतात, आणि ते दोन्ही अपुरेही पडतात. कारण अपू आणि आंत्वान यांच्यापुढे नसलेला जातीचा प्रश्न येथे केंद्रस्थानी आहे. जांबुवंत कचरू माने, अर्थात जब्या, हा कैकाडी कुटुंबातील शाळकरी मुलगा. कैकाडी बोलीत 'फँड्री' म्हणजे डुक्कर. गावातली डुकरे धरण्याचे काम या कुटुंबाकडे गृहीत धरले गेले आहे. जब्याला शाळा हवी आहे, चांगले कपडे हवे आहेत, वर्गातली शालू हवी आहे. आणि तिच्यासाठी त्याला एक काळी चिमणी मारून तिची राख हवी आहे. ही भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा सोलापूर जिल्ह्यातील मुलगा. हलगी वाजवताना तो दिग्दर्शकाच्या नजरेस पडला. या कामासाठी त्याला एकसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार विभागून मिळाला.

'सहज' या शब्दाचा धोका येथे सर्वाधिक आहे. सोमनाथ 'जब्याच वाटतो' या प्रशंसेत, तो जब्याच आहे, त्याला वेगळे काही करावे लागले नाही, ही समजूत दडलेली असते. चित्रपटातील गाव जब्याविषयी नेमके हेच म्हणत असते : डुक्कर धरणे तुमच्या रक्तातच आहे, ते तुम्हांला सहजच येणार. कौतुक आणि अवहेलना एकाच गृहीतकावर उभ्या राहतात. म्हणून या मुलाने काय केले हे तपशिलाने पाहणे, हीच त्याला दिलेली खरी दाद ठरते.

चित्रपटाच्या मोठ्या भागात जब्याला दिलेले काम अपूसारखेच पाहण्याचे आहे. तो गलोल घेऊन माळावर चिमणी शोधतो. वर्गात, वाटेवर शालूला पाहतो. जब्या आणि शालू यांच्यात संवाद होत नाही. प्रेमाचा सगळा व्यवहार त्याच्या एकतर्फी नजरेत आहे. ही रचना नवख्या नटाला सोयीची आहे, यात शंका नाही. सोबतीला पिऱ्या आहे, आणि त्याची भूमिका करणारा सूरज पवार मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटात आधी चमकलेला आहे. दोन मुलांच्या गप्पांत एकाचा सराव दुसऱ्याला आधार देतो. याउलट बापाच्या भूमिकेत किशोर कदम यांच्यासारखा मुरलेला रंगकर्मी आहे. कचरूचा वाकलेला पाठीचा कणा, कमी बोलणे, मान खाली घालून होकार देणे हे सर्व घडवलेले आहे. जब्याचे शरीर त्याच्याशेजारी अजून न घडलेले, ताठ, चुळबुळते आहे. कसलेला नट आणि नवखा नट यांच्यातील फरक एरवी दोष ठरला असता. येथे तो अर्थ होतो : बापाला वाकण्याचा सराव आहे, मुलाला अजून नाही.

डुकरे धरण्याच्या अखेरच्या दीर्घ प्रसंगात ही मांडणी उलटते. शाळेजवळच कुटुंबाला डुकरामागे धावावे लागते. गावकरी आणि वर्गातली मुलेमुली पाहत असतात, त्यांत शालूही असते. इतका वेळ पाहणारा जब्या आता पाहिला जाणारा होतो, आणि तो लपू लागतो. आडोशाला दबून बसणे, चेहरा चुकवणे, बापाच्या हाकेला ओ न देणे ही या प्रसंगातील त्याची मुख्य कृती आहे. नटाच्या दृष्टीने हे काम विलक्षण अवघड आहे. कॅमेऱ्यासमोर उभे राहून 'मी कोणाला दिसू नये' हे दाखवायचे, म्हणजे दिसण्याच्या माध्यमात न दिसण्याची इच्छा आविष्कृत करायची. कॅमेऱ्याला बुजणे ही नवख्या नटाची सर्वज्ञात अडचण. येथे तीच लज्जेच्या सामाजिक आशयाचे वाहन बनते. पण बुजणे आणि बुजणे दाखवणे यांत फरक आहे, आणि सोमनाथ जे करतो ते दुसरे आहे. त्याच्या लपण्यात क्रम आहे : आधी टाळाटाळ, मग आडोसा, मग बापाचा राग अंगावर घेत सोसलेला उघडेपणा, आणि शेवटी ज्याने लपणे सोडून दिले आहे त्याचा कोरडा चेहरा. हा आलेख योजनेशिवाय आणि समजुतीशिवाय उभा राहू शकत नाही.

याच प्रसंगात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि डुक्कर हाताशी आलेले असताना सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. पुढे धरलेले डुक्कर काठीला लटकवून नेताना मागे शाळेची भिंत येते, आणि तिच्यावर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रे. या दोन प्रतिमांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे उपरोधमूल्य उघड आहे. पण नटाच्या बाजूने पाहिले तर दोन्ही ठिकाणी मुलाकडून कोणताही भाव मागितलेला नाही. उभे राहा, चाल. अर्थ रचनेने निर्माण केला आहे, आणि मुलाच्या दुःखाची वेगळी मागणी केलेली नाही. राय यांच्या काटक्यांचे तत्त्वच येथे अधिक कठोर रूपात वापरलेले दिसते.

आणि मग दगड. हिणवणाऱ्यांवर जब्या दगड भिरकावतो. शेवटचा दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. आंत्वानची नजर प्रश्न विचारून थांबली होती; जब्याचा दगड पाहण्याचा व्यवहारच बंद पाडतो. या क्षणी दगड कोणाला लागतो? पात्राच्या पातळीवर तो टवाळखोराला उद्देशून आहे. प्रेक्षकाच्या पातळीवर तो त्याला लागतो ज्याने आतापर्यंत सुरक्षित अंतरावरून ही फरफट पाहिली, आणि ज्याला ती कदाचित 'सहजसुंदर' वाटली. पण कॅमेऱ्यामागे दिग्दर्शकही असतो. काळ्या चिमणीच्या राखेवर विश्वास ठेवणाऱ्या चंक्याची भूमिका मंजुळे यांनी स्वतः केली आहे. म्हणजे पाहणाऱ्याने स्वतःलाही चौकटीत, पाहिले जाणाऱ्यांच्या रांगेत उभे केले आहे. दगडाच्या वाटेतून त्याने स्वतःला वगळलेले नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस अधिक जाणतो, अधिक सत्ता बाळगतो, ही जी या चित्रपटप्रकारातील मूळची विषमता, तिची कबुली याहून स्पष्ट शब्दांत देता येणार नाही.

७

चित्रपट संपल्यावर मुलाचे काय होते, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. सुबीर बॅनर्जीने 'पथेर पांचाली'नंतर अभिनय केला नाही. तो जगाच्या स्मरणात अपू म्हणूनच राहिला, आणि कित्येक दशकांनी कौशिक गांगुली यांच्या 'अपूर पांचाली'ला त्याच्या आयुष्याने विषय पुरवला. लिओ आयुष्यभर नट राहिला, पण आंत्वानची सावली त्याच्यावरून पूर्ण हटली नाही. एका ऋतूत टिपलेला चेहरा कायमचा त्या ऋतूत अडकतो. माणूस मात्र पुढे जगत राहतो. ही किंमत टाळता येत नाही. निदान ती कोण मोजते हे लपवले जाऊ नये.

येथवरच्या चर्चेतून काही निकष हाती लागतात. नवख्या मुलाचे काम हा निसर्गाचा आविष्कार नव्हे. ते निवड, नेमून दिलेली कृती, जुळणी आणि मुलाचे स्वतःचे श्रम यांतून घडते. या घडणीत मुलाला आपण काय करीत आहोत हे किती ठाऊक होते, यावर त्याचे नट असणे अवलंबून असते. आणि चित्रपटाने त्याला केवळ पाहिले, की त्यालाही पाहू दिले, यावर चित्रपटाचे मोल. वयात येण्याच्या कहाणीला पाहणारे मूल पाहिले जाणारे कसे होते हे सांगावेच लागते. थोर चित्रपट त्यापुढे एक पाऊल टाकतो आणि मुलाला उलट पाहण्याची जागा देतो. अपूला ती जगाकडे उघडणाऱ्या डोळ्यात मिळाली, आंत्वानला गोठलेल्या चौकटीत, जब्याला हातातल्या दगडात. 'सहज' असे म्हणून या तिघांची पाठ थोपटणे म्हणजे त्यांनी कष्टाने मिळवलेली ती जागा पुन्हा काढून घेणे होय.